पाय धुण्याआधीचं पाय धुणं

"टाचा नीट घास. ह्या लोकांचा खरा मळ टाचांत असतो."

दादासाहेब नाकाला रुमाल लावून उभे होते. चर्चच्या मागं, नळाच्या ओट्यापाशी, भर दुपारी. जळगावचं एप्रिलचं ऊन. त्या दिवशी कावळेसुद्धा सावलीसावलीनं पायी चालले होते, उडायची कुणाची छाती नव्हती. मी ओट्यावर बसलेला. पँट गुडघ्यापर्यंत वर. माझा उजवा पाय शमुवेल आबांच्या मांडीवर. आबा म्हणजे आमच्या चर्चचे राखणदार. घंटा वाजवणारे, झाडू मारणारे, साठी उलटलेले. त्यांच्या एका हातात विटेचा तुकडा, दुसऱ्या हातात काथ्या. शेजारी रॉकेलची बाटली, धुण्याचा सोडा आणि फिनेल.

फिनेल. संडासात टाकतात ते.

मी काही लहान पोर नव्हतो. बत्तीस वर्षांचा होतो. दोन लेकरांचा बाप.

वस्तीत मला फेकू म्हणतात. खोटं नाही. रावेरकडच्या एका बागेत मी केळीचा असा घड कापला होता, की तो चढवायला ट्रकलाच खाली बसवावं लागलं, हे मी शंभर वेळा सांगितलंय आणि शंभर वेळा त्यावर चहा प्यायलोय. पण आज सांगतोय त्यात मी भर घातलेली नाही. कावळ्यांचं तेवढं सोडा.

आम्ही भिल्ल. असोद्याच्या पुढं केळीच्या बागांच्या कडेला आमची वस्ती. बापाच्या काळात बाप्तिस्मा झाला. धंदा घड कापायचा आणि खांद्यावरून ट्रकपर्यंत वाहायचा. घड कापला की चीक गळतो. खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून मांडीवर, मांडीवरून पावलांवर. पडतो तेव्हा पाण्यासारखा, मग काळा पडतो. कपड्यावरचा डाग कपडा फाटला तरी राहतो. कातडीवरचाही तसाच. मुळात मी काळा, त्यावर हा काळा. आमच्या पोरांना पाळण्यातच थेंब लागतो, असं मी म्हणतो.

दर रविवारी आम्ही शहरातल्या चर्चला जायचो. शेवटचे तीन बाक आमचे. कुणी पाटी लावली नव्हती, पण चौथ्या बाकावर बसलं की पुढच्या माना वळायच्या. प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचा पेला सगळ्यांचे ओठ फिरून मग आमच्याकडे यायचा. तळाशी घोटभर. सगळ्यात पुढं मुख्य पंचांचं, म्हणजे दादासाहेबांचं घराणं. त्यांचे आजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले. त्याला सत्तर वर्षं होऊन गेली, पण दादासाहेब ते अजून कालच्यासारखं सांगायचे. "आमच्याकडे सगळे उजळ. रक्तातच आहे." हे ते चर्चच्या दारात उभे राहून म्हणायचे. भिंतीवर निळ्या डोळ्यांचा, मक्याच्या केसांचा येशू. तो त्यांच्या घरातलाच वाटायचा.

आमचं एकच मागणं होतं. नोंदवहीत नावं. बाप्तिस्मा झालेला, वर्गणी दिलेली, तरी सभासदांच्या नोंदवहीत वस्तीचं एकही नाव नव्हतं. नाव नाही म्हणून वार्षिक सभेत मत नाही. मत नाही म्हणून पंच कोण, पाळक म्हणजे पाद्री कोण, लग्न कुणाचं लावायचं, हे सगळं पुढच्या बाकांनी ठरवायचं. आम्ही तीनदा अर्ज केला. "अभ्यास चालू आहे," असं उत्तर यायचं. आमचा अभ्यास असा चालला होता की एव्हाना आमच्यावर मोठं पुस्तक व्हायला हवं होतं.

मग परदेशातून पाहुणे यायचं ठरलं. गोरे साहेब, मोठ्या पदावरचे. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून बारा जणांचे पाय धुवायची आमच्याकडं रीत. त्या वर्षी ते पाहुणे धुणार. आणि पाहुण्यांनी पत्रात विचारलं होतं, म्हणे, बारांमध्ये आदिवासी बांधव असतील ना?

दादासाहेब वस्तीवर आले. पहिल्यांदा. स्कूटर बंद न करताच बोलले.

"गुरुवारी तू बाराव्या खुर्चीवर बस. नीट पार पडलं, की ईस्टरनंतर तुमच्या नावांचा विषय घेऊ. शब्द देतो."

मी पळत घरी गेलो. माय चुलीपुढं होती. तिनं फुंकणी टाकली आणि अख्ख्या वस्तीत आवाज गेला, "मना आंडोरना पाय गोरा साहेब धोई! गोरा!" आंडोर म्हणजे लेक, मी. माझ्या मायचा आवाज थेट भुसावळ स्टेशनापर्यंत जातो. त्या दिवशी दोन गाड्या थांबल्या असतील.

आणि गुरुवारी दुपारी मी नळावर.

"दादासाहेब, हा मळ नाही. केळीचा चीक आहे. निघत नाही."

"निघतो कसा नाही? घासणारा पाहिजे. अरे, पाहुणे हात लावणार आहेत. त्यांच्यापुढं आमची मान खाली जायला नको."

आबा घासत राहिले. वीट झाली, काथ्या झाला, रॉकेल झालं. टाचेतून रक्त आलं. त्यावर फिनेल. मी ओठ दाबले. पाणी इतकं गेलं की तापी दोन बोटं खाली गेली असेल. चीक होता तिथंच. उलट आता लाल कातडीवर जास्त उठून दिसत होता.

बाकीचे अकरा जण आत पंख्याखाली बसून सरबत पीत होते. त्यांचे पाय कुणी बघितले नाहीत. त्यातल्या एकाच्या अंगठ्याचं नख असं पिवळं होतं की त्यावर हळद उगवली असती. तो बँकेत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

दादासाहेब आत गेल्यावर आबा हळूच म्हणाले, "गप बस भाऊ. मना पायबी घासेल शेतस. तीस साल झायात."

"कुणी?"

"ह्यास्ना बापनी."

आबा महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. तीस वर्षांपूर्वी ते बारावे होते, हे मला ठाऊकच नव्हतं. मी विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

"काय करसू? बसनू. मंग हाई नोकरी दिधी."

असं म्हणून त्यांनी माझा डावा पाय मांडीवर ओढला. हळू घासला हो, पण घासला. त्या माणसाचा मला राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली. दोन्ही एकदम.

दादासाहेब परत आले. बघितलं. चुकचुकले. स्कूटरवर पोराला घरी पिटाळलं. पोरगा मोजे घेऊन आला. पांढरे, लांब, वर दोन निळ्या पट्ट्या. दादासाहेब सकाळी फिरायला जायचे, त्यातले.

"हे घाल."

"पाय धुताना मोजे?"

"घाल म्हटलं ना."

मी घातले. तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही उठलास? उठलो असतो. पण वस्तीतली चाळीस घरं डोळ्यांसमोर होती. चाळीस घरांची नावं माझ्या दोन मोज्यांत कोंबली होती. मी घातले.

संध्याकाळी चर्च गच्च. पुढं बारा खुर्च्या, पांढरी चादर. अकरा जोड्या उघड्या पायांच्या, गोऱ्या, निमगोऱ्या, गव्हाळ. बारावी जोडी मोज्यात. मागच्या बाकावर माय. तेल लावून चापून बसवलेले केस, ठेवणीतलं लुगडं. मान अशी उंच, की मला वाटलं आता छताला लागते.

पाहुणे साहेब चांगले दिसत होते. म्हातारे, वाकलेले. कमरेला टॉवेल. चकचकीत घंगाळ, तांब्या. एकेकापुढं गुडघे टेकत, पाय हातात घेत, धूत, पुसत येत होते. फोटोवाला मागं मागं. मोज्यात माझ्या टाचा चुरचुरत होत्या. रॉकेलचा वास मलाच येत होता. मी गुडघ्यांवर हात दाबून धरले.

साहेब माझ्यापुढं आले. मोजे बघितले. थांबले. वर बघितलं.

दादासाहेब वाकले आणि त्यांच्या कानाशी इंग्रजीत काहीतरी म्हणाले. मला इंग्रजी येत नाही. पण त्यातला एक शब्द मला येत होता. स्किन. सरकारी दवाखान्यात त्या शब्दाची पाटी आहे. माझा काका महारोगानं गेला. त्याला घेऊन मी त्या पाटीखाली तीन वर्षं रांगेत उभा राहिलोय.

साहेबांनी पुढं केलेला हात मागं घेतला.

मग तांब्या उचलला आणि उंचावरून मोज्यांवर पाणी ओतलं.

मोज्यांवर. इथं मी एक शब्द वाढवत नाही. माझे पाय धुतलेच नाहीत. दादासाहेबांचे मोजे धुतले. फोटोवाल्यानं फोटो काढला. साहेब हसले, तेही प्रेमानं. पुढं जायला उठले.

"थांबा, साहेब."

मी वाकून मोजा ओढला. ओला मोजा टाचेच्या जखमेला चिकटला होता. दोनदा ओढावा लागला. मग दुसरा. दोन्ही त्या चकचकीत घंगाळात टाकले.

"हा रोग नाही. केळीचा चीक आहे. पाळकसाहेब, त्यांना सांगा."

आमचे पाळकसाहेब तरुण होते, भले होते. त्यांची नेमणूक दादासाहेबांच्या हातात होती. ते पायांकडे बघत राहिले. स्वतःच्या.

"इंग्रजीत सांगा. तुम्हाला येतं."

दादासाहेब माझ्याजवळ आले. रुमाल नव्हता ह्या वेळी. दात दिसत होते.

"बस खाली. नावांचा विषय विसरलास?"

"त्यासाठीच उठलोय. घासून, झाकून, कानात रोग सांगून जे नाव वहीत येतं, ते आमचं नाही. ते तुमच्या मोज्याचं नाव."

"बाहेर हो."

"होतो. पण एक सांगून. बारा जणांना आधी विहिरीवर नेऊन कुणी घासलं होतं, असं शुभवर्तमानात कुठंही नाही. मी वाचलंय. पुन्हा वाचेन."

मधल्या वाटेनं चालत निघालो. वस्तीवाले उठतील असं वाटलं होतं. कुणी उठलं नाही. माय पण नाही. ती माझ्याकडं बघत होती आणि तिची उंच मान खाली आली होती. मी आयुष्यात पुष्कळ ओझी वाहिली. त्या दारापर्यंतचं ओझं कुठल्याच घडाचं नव्हतं.

माय आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी भाकरी पुढं सरकवत म्हणाली,

"त्यानी तुले हात लावा का रे?"

"नही लावा."

तिनं चुलीत लाकूड सारलं.

"मंग बरं करं तू."

वस्तीला मात्र बरं वाटलं नाही. माझा चुलतभाऊ लूक दारात येऊन ओरडला, "तुझ्या दोन पायांपायी चाळीस घरं बुडवलीस! पाच मिनिटं मोजे घालून बसला असतास तर काय झिजला असतास?" ईस्टर आला, गेला. आमचा विषय निघाला नाही. पण आबांना काय मिळालं हे मला आता माहीत होतं. झाडू. तीस वर्षं. आणि मग पुढच्याचा पाय मांडीवर घ्यायचं काम.

जूनमध्ये वार्षिक सभा होती. मी अर्ज लिहायला बसलो. "विनंती आहे की" इथपर्यंत लिहिलं. थांबलो. कागद फाडला.

सभेला आम्ही गेलो. न बोलावता. नऊ जण. माय त्यात. लूक आला नाही. भिंतीला लागून उभे राहिलो. पहिला ठराव वाचला गेला. दादासाहेब म्हणाले, "मंजूर असणाऱ्यांनी हात वर करावा." हात वर झाले. "नामंजूर?" आम्ही नऊ हात वर केले.

"ज्यांची नावं नोंदवहीत आहेत त्यांनीच," दादासाहेब म्हणाले.

हात तसेच.

"तुमचे हात मोजले जाणार नाहीत."

"मोजू नका," माय म्हणाली. "आम्ही खाली करणार नही."

सहा ठराव झाले. सहा वेळा हात. खांद्यात कळा आल्या. मला सवय होती, घड वाहून वाहून. माय पासष्टीची. तिनं डाव्या हातानं उजवा हात धरून ठेवला. दर ठरावाला दादासाहेब "सर्वानुमते" म्हणायला तोंड उघडायचे, आमच्याकडं बघायचे, आणि शब्द अडखळायचा. शेवटी लिहिलंच त्यांनी. सर्वानुमते.

पुढच्या वर्षी आम्ही सोळा होतो. त्यांनी दाराला कडी लावली. आम्ही खिडक्यांतून हात आत घातले.

यंदाची सभा परवा आहे. पोलीस बोलावणार असं कळलंय. बोलवा, दादासाहेब. मी येशूला सोडलेलं नाही, चर्चही सोडणार नाही. तुम्हाला ते सोयीचं झालं असतं. अर्ज आणणार नाही. तुमच्याकडून काही धुऊन घेणार नाही. आम्ही येणार, हात वर करणार आणि ह्या वेळी गप बसणार नाही. तुम्ही "सर्वानुमते" म्हणायला लागलात, की प्रत्येक वेळी, प्रत्येक ठरावाला, भरल्या सभेत मी मोठ्यानं म्हणणार आहे : खोटं.