चौकातल्या कुंड्या आणि माझा डबा

माझ्या धाकट्या जावेचा सत्कार झाला त्या दिवशी मी जेवले नाही. उपास आहे म्हणून सांगितलं. बुधवारी कसला उपास, असं घरात कुणी विचारलंही नाही. विचारलं असतं तर खरं काय ते सांगून टाकलं असतं, की माझ्या पोटात दुखतंय आणि ते दुखणं शेवंतीचं आहे.

आमचं गाव पाथर्डीच्या बाजूचं. पाणी आठवड्यातून एकदा, तेही नळाच्या मनात आलं तर. काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, घरपट्टी वाढली आणि स्टँडसमोरच्या चौकाचं सुशोभीकरण झालं. मधोमध गोल कट्टा, त्यात कारंजं, भोवती रंगीत दिवे. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी उडालं, त्यानंतर कुणी ते उडताना पाहिलेलं नाही. कट्ट्याभोवती फुलझाडंही लावली होती, ती उन्हानं आणि शेळ्यांनी मिळून संपवली. दिवाळी झाल्यावर बातमी आली की सुंदर शहर स्पर्धेची समिती तपासणीला येणार आहे. तेव्हा चौकात नुसती लाल माती होती आणि फुलांच्या नावावरचा पैसा केव्हाच खर्च झालेला होता.

मग नगरपंचायतीच्या मुकादमानं डोकं चालवलं. टेम्पो घेऊन तो गल्लीगल्लीत फिरला आणि लोकांच्या दारातल्या कुंड्या मागू लागला. समिती गेली की परत आणून देतो म्हणाला.

आमच्या गल्लीत फुलं दोनच दारांत, माझ्या आणि जावेच्या. घरं भिंतीला भिंत लावून, ओटा एकच. तिच्याकडे सिमेंटच्या सारख्या मापाच्या कुंड्या, तिच्या लेकानं पुण्याहून पाठवलेल्या. माझी शेवंती रंगाच्या डब्यांत, तेलाच्या डब्यांत आणि एका फुटक्या बादलीत. पण फुलं बघाल तर माझीच मोठी. आणि खरी गोष्ट अशी की तिची सगळी शेवंती माझ्याच डब्यातली. नवी लग्न होऊन आली तेव्हा तिनं फुटवा मागितला, मी काढून दिला. त्या एका फुटव्याचं तिनं एवढं केलं.

मुकादम आला तो सरळ तिच्या दाराशी गेला. मी पदर खोचून ओट्यावर उभी होते. म्हटलं, "आमची बी बघा की."

त्यानं बघितलं आणि कसंनुसं हसला. "फुलं झ्याक हायेत, मावशी. पन डबे नको. फोटोत बरे दिसत न्हाईत."

तिच्या कुंड्या टेम्पोत चढल्या. हलू नयेत म्हणून आधार द्यायला मलाच बोलावलं, आणि मी दिला. माझ्याच झाडाची लेकरं टेम्पोत बसून चौकात चालली होती आणि आई डब्यात होती म्हणून घरी राहिली. तळपायाची आग मस्तकात गेली, दुसरं काय होणार.

समिती आली, तिनं कुंड्या पाहिल्या, फोटो काढले. कुंड्या कुणाच्या असं कुणीतरी विचारलं, तर सगळ्यात जास्त तिच्याच म्हणून जावेला पुढं बोलावून शाल आणि नारळ दिला. तो फोटो संध्याकाळपर्यंत वॉर्डाच्या ग्रुपवर आला. आमच्या ह्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "बघ, किती छान आलाय." मी म्हटलं, "चहा गार होतोय तुमचा." उपास तो हाच.

मी काय करते ते सांगायचं राहिलं. मी शिवणकाम करते. गावातल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत. कुणाची कंबर बाळंतपणानंतर वाढली, कुणाचे दंड आजारपणात उतरले, सगळं मला ठाऊक. पण रस्त्यात भेटल्या की त्यांचा प्रश्न एकच, ब्लाउज झाला का? इतक्या वर्षांत कुणी, तुम्ही कशा आहात, काल दिसला नाहीत, असं म्हणालं नाही. मला शाल नको होती. एकदा कुणीतरी माझी वाट बघावी, एवढंच हवं होतं. आणि पुढं तेही जावेच्याच पदरात पडलं. तिनं तर मागितलंही नव्हतं.

कुंड्या परत येणार होत्या त्या आल्याच नाहीत. झालं असं की कुणाची कुंडी कुठली हा घोळ नको म्हणून मुकादमानं प्रत्येक कुंडीला गेरूचा पट्टा मारला होता आणि वर पांढऱ्या रंगात न.पं. लिहून नंबर टाकला होता. शिवाय कुणी उचलून नेऊ नये म्हणून त्या कट्ट्यावर सिमेंटात बसवल्या होत्या. जाऊ मागायला गेली तर ऑफिसातला माणूस म्हणाला, "बाई, नंबर पडलाय. आता ती नगरपंचायतीची मालमत्ता झाली." ती रडत घरी आली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आतून मला इतकं बरं वाटलं की हात जरा जास्तच वेळ फिरवला.

पण ते बरं वाटणं टिकलं नाही. कुंड्यांना पाणी घालायला सुरुवातीला टँकर आला, मग बंद झाला. मुकादम म्हणाला, "डिझेल मंजूर न्हाई. कुंड्यांच्या देखभालीचं कागदावर कायबी न्हाई." शेवंती माना टाकू लागली, तशी जाऊ स्वतःच पाणी घेऊन चौकात जायला लागली. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी तेलाच्या कॅनमध्ये भरायचं आणि रोज संध्याकाळी जायचं. पूर्वी त्या वेळेला आम्ही दोघी ओट्यावर चहा घ्यायचो. मी मशीन बंद करायची, ती कप आणायची, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही अख्ख्या गावाला नावं ठेवायचो. आता कप मी एकटीच धुवायची.

चौकात तिचं भलतंच बस्तान बसलं. चहाच्या टपरीवाला तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवायचा. जीपवाले तिला फुलवाल्या मावशी म्हणायचे. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकात बसून कारखान्याला निघाल्या, तेव्हा बायका लेकरांना घेऊन त्या कुंड्यांपाशी उभ्या राहिल्या आणि जावेनं एकेकीच्या मोबाईलवर त्यांचे फोटो काढून दिले. हे मला तिनंच रंगवून सांगितलं. मी काज करत होते, सुई बोटात घुसली.

मग तिची लेक पुण्यात बाळंत झाली आणि तिला सव्वा महिना तिकडं जावं लागलं. जाताना तिनं कॅन माझ्या हातात दिला. "आक्का, तेवढं बघाल का? तुमच्याशिवाय कोन हाय मला?"

झाडं वाळू द्यावीत असा विचार माझ्या मनात आला का? आला. ओट्याची पायरी उतरेपर्यंत होता. पण ती शेवंती शेवटी माझीच होती, तेव्हा गेले.

पहिल्या दिवशी टपरीवाल्यानं विचारलं, "रोजच्या मावशी कुठं गेल्या?" दुसऱ्या दिवशी जीपवाल्यानं. मग शाळेच्या पोरींनी, मग केळीवाल्या बाईनं. मी पाणी घालतेय, माती मोकळी करतेय, सुकलेली फुलं खुडतेय, आणि जो तो विचारतोय तिला. मी प्रत्येकाला सांगितलं की लेकीकडे गेलीय, लवकर काही यायची नाही. हे दुसरं वाक्य मी पदरचं घालत होते.

तरी रोज गेले. मशीनवर असताना संध्याकाळची वाट बघू लागले. आणि हळूहळू तो प्रश्न थांबला. एके दिवशी मला जायला उशीर झाला, एका नवरीची चोळी होती, तर टपरीवाला लांबूनच ओरडला, "मावशी, आज उशीर केला! आमाला वाटलं, बरं न्हाई का काय." खुर्ची पुसलेली होती. मी कॅन खाली ठेवला आणि बसले.

दुसऱ्या दिवशी मी माझा रंगाचा डबा उचलून चौकात नेला. कारंज्याच्या मागच्या बाजूला, मातीवर ठेवला. मग मुकादमाला गाठलं आणि म्हटलं, "ह्याला बी नंबर टाका."

"डब्याला नंबर? मावशी, लोक हसतील."

"हसू द्या. शेवंतीची आई हाय ती."

त्याला काही कळलं नाही, पण माझ्यापासून सुटका करून घ्यायला त्यानं ब्रश बुडवला. न.पं. आणि पुढं आकडा. ओला रंग वाळेपर्यंत मी तिथून हलले नाही.

जाऊ परत आली ती बाळाचे फोटो दाखवायला आधी माझ्याकडे आली नाही, चौकात गेली. अंधार पडताना ओट्यावर येऊन बसली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "टपरीवाला मला इचारतोय, रोजच्या मावशी न्हाई आल्या का आज?" आणि हसली. ते हसू मी ओळखलं. तसं मी कितीतरी संध्याकाळी हसले होते. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा जेवणाआधीच जेवल्यासारखं वाटलं.

"आता उद्यापासनं मी हाय," ती म्हणाली. "तुमाला लई तरास झाला."

"त्रास कसला," मी म्हटलं. कॅन तिला दिला. दुसरा माझ्याकडे होताच.

ती संध्याकाळी जायची. मी पहाटे जाऊ लागले, दूध आणायच्या निमित्तानं. माती ओली लागायची. मी मनाची समजूत काढायची की थंडी आहे, दव पडत असेल, हिला कुठलं जमतंय नीट पाणी घालायला. माझा डबा मात्र कोरडा असायचा, तिच्या मनात तो नव्हताच. मग पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं, बाळाच्या कौतुकात ही पाणी कमी घालतेय. मी जास्त घालू लागले. तिला वाटलं, सव्वा महिन्यात मी झाडांची हयगय केली. तीही जास्त घालू लागली. आम्ही एकमेकींना एका शब्दानं विचारलं नाही. घरात अंघोळीला बादलीऐवजी तपेली आली, आमचे हे कुरकुरले, तरी माझ्या कॅनमधलं पाणी कमी झालं नाही.

एका पहाटे मी गेले तर ती तिथं होती. हातात कॅन. मी माझा पदराआड करायला गेले, पण तो पाच लिटरचा होता. तिनं मुकाट एक झाड धरून ओढलं, तर ते मातीतून सहज हातात आलं. मुळं काळी आणि बुळबुळीत, वास मारत होता. दुसरं ओढलं, तेही तसंच. सिमेंटात बसवलेल्या कुंड्यांची भोकं बुजली होती, पाणी खाली जायला वाटच नव्हती.

मुकादम झाडूवाल्या बायकांची हजेरी घ्यायला आला होता. त्यानं कुंड्यांत डोकावून पाहिलं, मग आमच्याकडे. "आख्खं गाव पान्यासाठी बोंबलतंय," तो म्हणाला, "आन तुमी दोघींनी झाडं बुडवून मारली व्हय?" टपरीवाला मान खाली घालून स्टोव्ह पेटवत बसला. त्याचे खांदे हलत होते.

मागं एकटा माझा डबा होता. त्याचं बूड गंजून चाळणी झालेलं, घातलेलं पाणी कधीच साठलं नाही. शेवंती डवरली होती. मुकादमानं तो उचलला आणि कारंज्याच्या पुढं, फोटोत येईल असा ठेवला. मला हवं होतं ते सगळं तिथं होतं. माझं झाड पुढं, माझा नंबर पुढं, आणि जावेचं एकही फूल शिल्लक नाही. मी तिच्याकडे पाहिलं. मेलेलं झाड तिनं लहान मूल धरावं तसं दोन्ही हातांत धरलं होतं आणि पदराला चिखल लागला होता. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याची वाट बघितली, तो आला नाही.

त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी ती दोन कप घेऊन ओट्यावर आली. तिनं चहा संपवला. मग माझ्या उरलेल्या डब्यांकडे बघत म्हणाली, "आक्का, एक फुटवा द्याल?"

नवी नवरी असताना याच ओट्यावर, याच आवाजात तिनं मागितला होता. तेव्हा मी लगेच दिला होता. आता मी थोडा वेळ घेतला. मग उठले आणि तेलाच्या डब्यातला चांगला जोमदार फुटवा मुळांसकट काढला.

"कुंडीत लावायचा नाही," मी म्हटलं. "डब्यात लाव."

ती आत जाऊन रिकामा डबा घेऊन आली. मी खिळा आणि हातोडी आणली आणि त्याच्या बुडाला भोकं पाडून दिली. नंबर टाकायला मुकादमाला बोलावू का, असं तिनं हसत विचारलं. मी हसले नाही. नंबर एकाच डब्याला राहील, असं मी तिला सांगितलं.