शतावरीला आमंत्रण

बेडसे लेण्यांच्या खाली, आमच्या भातखाचरांच्या वरच्या अंगाला वडिलांनी शतावरी लावली होती. मावळात तेव्हा ही वेल कुणी मुद्दाम लावत नसे. ती डोंगरात आपोआप येई आणि लोक लागेल तशी खणून आणत. पण पुण्यात औषधांचे कारखाने निघाले, कामशेतच्या बाजारात मुळांना गिऱ्हाईक आले, आणि बघता बघता डोंगराची कूस उकरलेली दिसू लागली. वडील म्हणत, विकायचीच तर लावून विकावी, डोंगराला हात लावू नये. त्यांनी पिकलेली तांबडी फळे आणून रोपे केली. हा काटे पेरतोय म्हणून गाव हसले.

आई लवकर गेली होती. या कामात वडिलांच्या जोडीला माझी थोरली बहीण असे. मी पुण्यात शिकून मास्तर झालो होतो. सुटीत आलो की ही दोघे पडवीत मुळे सोलत बसलेली दिसत. ओल्या मुळाची साल काढायची, मधली शीर ओढायची आणि सावलीत वाळत घालायचे. मी करायला गेलो तर मूळच मोडे. मग आक्का म्हणे, "तुमी आपलं पुस्तक वाचा, मास्तर."

औषधी खणण्याआधी तिला आमंत्रण द्यायची आमच्याकडे रीत आहे. आदल्या सांजेला बुडाशी अक्षता आणि सुपारी ठेवायची, कुणासाठी नेणार ते सांगायचे आणि सकाळी सूर्य वर येण्याआधी खणायचे. ज्याच्या नावाने बोलावले त्यालाच ते मूळ द्यायचे, दुसऱ्या कुणाला नाही. विक्रीच्या मालाला हे कोणी करत नसे. वडील करीत. सबंध वाफ्याला एक सुपारी ठेवून ते व्यापाऱ्याचे नाव घेत.

एका वर्षी मार्गशीर्षात आक्का सासरहून बाळंतपणाला आली होती, मीही सुटीत घरी होतो. मूल जगले नाही, आणि नंतर तिला ताप भरला तो उतरेना. लोणावळ्याहून डॉक्टर आणला, कामशेतपर्यंत आगगाडीने आणि पुढे बैलगाडीतून. अंगणात येऊन त्याने आम्हा दोघांना हळू आवाजात सांगितले की आता फारसे काही हाती राहिलेले नाही. वडिलांनी मान हलवली आणि त्याला चहा घेऊन जायला सांगितले.

डॉक्टर गेल्यावर शेजारची मावशी म्हणाली की शतावरी दुधात उकळून द्या, अंगात जरा बळ येईल. वाफा भरलेला होता. पण आदल्याच सांजेला वडिलांनी तिथे सुपारी ठेवली होती. आक्काचा ताप वाढला म्हणून तेवढे खणायचे राहिले होते. मी म्हणालो, एका वेलीने व्यापाऱ्याचे काय जाते?

"ती त्याची झाली," वडील म्हणाले. "हिला लागू पडायची न्हाई."

मावशी चिडून काहीबाही बोलली. आक्का मात्र अंथरुणातून क्षीण हसली. "वाण्याच्या नावाचं मला देता व्हय? त्याच्यावानी ढेरी सुटंल."

त्या हसण्याने वडिलांना धीर आला. ते तसेच डोंगरात गेले आणि दिवसभर हिंडले. पूर्वी जाळीजाळीत शतावरी असे तिथे नुसते खड्डे होते. दिवस मावळता मावळता लेण्यांपलीकडच्या घळीत एक वेल सापडली. पंच्याच्या टोकाला बांधून नेलेल्या अक्षता तिच्या बुडाशी ठेवून, आक्काचे नाव सांगून ते रिकाम्या हाताने परत आले. रीतीप्रमाणे ती सकाळीच काढायची होती. पाय काट्यांनी फाटले होते.

"गावली," ते आक्काला म्हणाले. "उद्या आनतो."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते उजाडण्यापूर्वीच निघून गेले. मी तिच्याजवळ बसलो होतो. फटफटल्यावर तिने विचारले, "आबा कुटं हायती?" डोंगरात गेलेत, येतीलच, असे मी सांगितले. जरा वेळाने तिने पुन्हा तेच विचारले आणि मी पुन्हा तेच सांगितले. मग तिने दाराकडे तोंड केले. त्यानंतर ती बोलली नाही.

त्या मुळाने ती वाचली नसती हे मला ठाऊक आहे. वडिलांनाही ठाऊक असावे, डॉक्टरचे बोलणे त्यांनी ऐकले होते. मग ते का गेले, हे मी त्यांना पुढे कधी विचारले नाही. नुसते बसून राहणे त्यांना झेपले नसते, एवढेच मला वाटते.

ते आले तेव्हा बायका अंगणात जमल्या होत्या. हातात बोटाएवढे एक मूळ होते, मातीसकट. मावशी डोळे पुसत म्हणाली, "द्या हिकडं, ठिवते. कुनाच्या तरी उपेगी पडंल."

"तिच्या नावानं काडलंय," वडील म्हणाले.

त्यांनी ते धुतले आणि आत जाऊन आक्काच्या मुठीत ठेवले. बोटे मिटेनात, तेव्हा मावशीकडून दोरा मागून घेऊन बांधली. नदीवर ते मूळ तसेच तिच्याबरोबर गेले.

सुतक फिटल्यावर व्यापाऱ्याचा माणूस आला. वडिलांनी वाफ्यातली सगळी शतावरी त्याला खणून दिली. रोपे त्यांनी पुन्हा केली नाहीत.