दुमडीतल्या बारा गोळ्या

माझ्या मोठ्या जाऊबाईंना सगळी गल्ली मास्तरीण म्हणते. शाळेत शिकवायला त्या कधी गेल्या नाहीत. कपडे शिवणाऱ्या पुरुषाला मास्तर म्हणतात, म्हणून ह्या मास्तरीण. पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. त्या बेततात, कापतात, शिवतात. मी काजं-बटणं करते, इस्त्री करते आणि गिऱ्हाइकांशी बोलते, कारण जाऊबाईंना बोलायचा कंटाळा आणि मला गप्प बसायचा. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी माझी तुरपाई उसवून माझ्या हातात दिली होती. "हे टाके आहेत की मुंग्यांची रांग?" तो राग मी सहा वर्षं जपून ठेवला. पण खोटं कशाला बोलू, त्यांच्यासारखा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

दुकानात त्यांचा एकच कायदा होता. गिऱ्हाइकाचा कपडा आपला नाही. तो अंगाला लावून आरशात बघायचा नाही, त्याच्या खिशात हात घालायचा नाही. एकदा मी कुणाचा तरी रेशमी झगा नुसता खांद्यावर टाकून बघितला, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मागच्या वर्षी वरच्या फळीवरून कापडाचा तागा काढताना स्टूल सरकलं आणि त्या पाठीवर आपटल्या. कमरेचा मणका चिरला. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं आणि सहा आठवड्यांच्या गोळ्या दिल्या, चांगल्या जालीम. पाचव्या आठवड्यात जाऊबाई मशीनवर बसल्या. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. मीही केलं.

सहा आठवड्यांचे आठ महिने झाले. एका डॉक्टरने गोळ्या बंद केल्या की त्या दुसऱ्याकडे जात, दुसऱ्याने हात आखडला की तिसऱ्याकडे. घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मला पहिल्यांदा शंका आली ती एका शर्टामुळे. त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. नवशिक्याची चूक. मी दोन्ही बाह्या समोर धरल्या, तर त्या बघून हसल्या. आपल्या चुकीवर हसणारी बाई नव्हती ती. मला भीतीच वाटली.

त्या दिवशी सगळं बाहेर आलं. मोठे दीर ट्रक चालवतात, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतात. माझा नवरा बायकांच्या भांडणाला घाबरतो. म्हणून जाऊबाईंना दवाखान्यात मीच घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकदम बंद करायच्या नाहीत, हाल होतील. दर दोन आठवड्यांनी थोड्या कमी करू. आणि गोळ्या ह्यांच्याकडे नकोत, दुसऱ्या कुणीतरी सांभाळायच्या."

डबा आणि कुलूप माझ्याकडे आलं. किल्ली मी गळ्यात घातली आणि आता कबूल करते, मला ते आवडत होतं. सहा वर्षं ज्या बाईने माझे टाके उसवले, ती दिवसातून तीनदा माझ्यापुढे हात पसरत होती. मी गोळी द्यायचे आणि तोंड उघडून दाखवायला लावायचे. डॉक्टरीणबाईंनी एवढं काही सांगितलं नव्हतं.

त्यांचे हाल बघवत नव्हते. नाक गळायचं, जांभयांवर जांभया यायच्या, घामाने कपडे भिजायचे आणि त्याच वेळी अंगावर काटा असायचा. पाय एका जागी ठरत नसत. बसल्या-बसल्या त्या पायांवर मुठी मारून घ्यायच्या. काकुळतीला येऊन म्हणायच्या, "अगं, आज एक जास्त दे. उद्याची कापून घे."

"उद्या उद्याची मागाल."

"तुझ्या पाया पडते."

त्या खरंच वाकल्या आणि कमरेतून कळ आली म्हणून तशाच अडकून राहिल्या. मी त्यांना सरळ केलं. गोळी दिली नाही. मग मागच्या खोलीत जाऊन रडले. मी काही दगड नाही.

मी डोळ्यांत तेल घालून राखण करत होते, तरी आधीच साठवून ठेवलेल्या चोरट्या गोळ्या सापडत होत्या. बॉबिनच्या डबीत तीन. खडूच्या खोक्यात दोन. त्यांच्या स्वतःच्या गाऊनच्या दुमडीत चार. त्या दिवशी मी त्यांचे सगळे गाऊन, उशीचे अभ्रे आणि परकर उसवले.

"माझी शिलाई उसवतेस?"

"तुम्हीच शिकवलंत."

त्यानंतर दोन आठवडे एकही गोळी सापडली नाही. त्या थोडं खायला लागल्या, मशीनवर बसायला लागल्या. मला वाटलं, जिंकलो आपण. फोनवर मोठ्या दिरांनाही तसंच सांगितलं.

त्या दिवसांत त्या एक छोटा कोट शिवत होत्या. आमच्या भागातल्या पोस्टमनच्या मुलीचा, सहा वर्षांची आहे ती. जाड निळं लोकरी कापड, आतून अस्तर. वाढत्या अंगाच्या पोरांना शिवताना खाली जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढच्या वर्षी उसवून लांबी वाढवायला. ह्या कोटाला चांगली चार बोटं दुमड होती. सोमवारी द्यायचा होता, पण शनिवारी संध्याकाळी पोस्टमन दुकानात डोकावला. जाऊबाई आत पडल्या होत्या. कोट हँगरवर तयार दिसला. मी मोठ्या ऐटीत वरवर इस्त्री फिरवून देऊन टाकला. दोन दिवस आधी दिला म्हणून त्याने आभारही मानले.

रविवारी सकाळी मी चहा टाकत होते. दुकानातून हँगर पडल्याचा आवाज आला. जाऊबाई कपाटापुढे उभ्या होत्या. तोंड पांढरं पडलं होतं.

"निळा कोट कुठे आहे?"

"दिला काल."

"कुणाला विचारून दिलास?"

"तयार होता की."

"नव्हता तयार. दुमड कच्ची आहे. जा, घेऊन ये. नको, मीच जाते."

"दुमड उसवली तर आणून देतील. रविवारी कशाला कुणाच्या दारात…"

पण त्या पायात चपला न घालताच बाहेर पडल्या होत्या. काठीसुद्धा घेतली नाही. मी गॅस बंद केला, पर्स उचलली आणि मागे धावले. चालता चालता माझ्या डोक्यात शिरलं. जाऊबाई कच्ची दुमड ठेवून कोट कधीच हँगरला लावत नाहीत.

मी त्यांचा दंड धरला. "काय आहे त्या कोटात?"

"सोड मला."

"काय आहे ते सांगा आधी!"

"बारा आहेत," त्या म्हणाल्या. "वाजू नयेत म्हणून पाकिटातून काढल्या. एकेक वेगळी शिवली."

गिऱ्हाइकाचा कपडा आमच्या घरात कुणी चाचपून बघत नाही, मीसुद्धा बघणार नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांचाच कायदा होता तो.

पोस्टमनचं घर दुसऱ्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. पायऱ्या त्या कशा चढल्या कुणास ठाऊक. दार मुलीनेच उघडलं. कोट अंगात होता. घरात, ऊन वर आलेलं असताना, कोट घालून फिरत होती ती. मागे तिचा बाप दाढीचा साबण तोंडाला लावून उभा.

जाऊबाई गुडघ्यांवर बसल्या. पडल्यापासून मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. कोटाची खालची कड त्यांनी दोन्ही हातांत धरली आणि बोटं फिरवत गेल्या, टाक्यामागून टाका. ओठ हलत होते. मी ओठांवरून मोजत होते. नऊ. दहा. अकरा. मग टोकाशी आल्या आणि थांबल्या. तिथला धावदोरा सुटला होता. तिथे काही नव्हतं.

"दोरा लोंबत होता," मुलगी म्हणाली. "मी ओढला."

"काय झालं मास्तरीणबाई?" पोस्टमनने विचारलं.

त्या क्षणी जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ त्यांनी नंतर सांगितला. बारावी गोळी शनिवारी दुपारी आपणच काढून खाल्ली असेल, असं त्यांना वाटत होतं. खाल्ली असेल किंवा नसेल. डोक्यात इतकं धुकं होतं की कालची दुपार आठवत नव्हती. स्वतः खाल्ली असेल तर काही बोलायची गरज नव्हती. 'टाके कच्चे राहिलेत' म्हणून कोट घरी आणायचा, अकरा गोळ्या हाती येणार आणि कुणाला काही कळणार नाही. पोस्टमन उलट दुवा देईल. मी तर तोंड उघडणार नाही, घराच्या अब्रूचा प्रश्न. आणि खरंच मी उघडलं नाही. तिथे उभी राहून मीसुद्धा मनात म्हणत होते, खाल्ली असेल त्यांनीच, चला इथून.

"हिला इस्पितळात न्या," जाऊबाई म्हणाल्या.

"काय?"

"मी ह्यात माझ्या गोळ्या लपवल्या होत्या. दुखण्याच्या. मोठ्या माणसाच्या आहेत. त्यातली एक सापडत नाही. हिने गिळली असली तर झोपेल आणि श्वास थांबेल. मला विचारत बसू नका, आधी न्या."

साबण तसाच ठेवून त्याने मुलीला उचललं. जिन्यात तो तिला विचारत होता, "तू गोड गोळी खाल्लीस का? खरं सांग, मारणार नाही." ती एकदा हो म्हणायची, एकदा नाही. बाप घाबरलाय एवढंच तिला कळत होतं. ती रडायला लागली.

इस्पितळात तिला पलंगावर ठेवलं, बोटाला चिमटा लावला. डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं, ताकद विचारली, दोरा कधी ओढला ते विचारलं. सगळं जाऊबाईंनी सांगितलं, न चुकता. डॉक्टर म्हणाले, सहा तास बघावं लागेल. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. काचेतून पलंग दिसत होता. मुलीने डोळे मिटले की बाप तिला हलवून जागं करायचा. ती चिडायची. चिडली की आमच्या जिवात जीव यायचा.

दुसऱ्या तासाला जाऊबाईंना जांभया सुरू झाल्या. सकाळची गोळी राहिली होती. हातांवर काटा आला, पाय हलायला लागले. किल्ली माझ्या गळ्यात, डबा घरी. आणि माझ्या पर्समध्ये अकरा गोळ्या, इस्पितळात आल्यावर मी निळ्या दुमडीतून काढून रुमालात गुंडाळलेल्या. त्यांना ते माहीत होतं. त्या पर्सकडे बघायच्या, मग काचेकडे, परत पर्सकडे. मला इतका संताप आला की मी नको ते विचारलं.

"जाऊबाई, सकाळी घरातून धावलात ते मुलीसाठी की गोळ्यांसाठी?"

त्या पायांवर मुठी दाबून म्हणाल्या, "गोळ्यांसाठी. मुलगी मनातसुद्धा नव्हती. तिने दार उघडलं तेव्हा मी कोट बघितला. तिचं तोंड नंतर बघितलं."

मी त्यांच्यावर ओरडणार होते. ओरडले नाही. त्यांचा हात हातात घेतला, घामाने नुसता ओला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांचा हात धरला असेन. मग त्या म्हणाल्या, "पर्स त्या नर्सकडे दे. आणि माझंसुद्धा नाव लिहायला सांग. घरी नको नेऊस मला. घरात मी जागा शोधत राहणार."

संध्याकाळी मुलीला घरी सोडलं. तिला काही झालं नव्हतं. ती गोळी बहुधा जाऊबाईंच्याच पोटात गेली होती. नक्की कधीच कळलं नाही. पोस्टमन बाहेर आला. वाळलेला साबण अजून त्याच्या कानाखाली होता. त्याने कोट बाकावर ठेवला, जाऊबाईंच्या शेजारी, आणि मुलीला कडेवर घेऊन गेला.

जाऊबाई तिथे बारा दिवस राहिल्या. मग घरी येऊन पाच महिने गोळ्या कमी करत करत शून्यावर आल्या. मध्ये एकदा घसरल्या, पण ते त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. तोंड उघडून दाखवायला मी पुन्हा कधी लावलं नाही. आता चार महिने झाले, एकही नाही. कंबर मात्र दुखते. थंडीत तर उठता-बसता डोळ्यांत पाणी येतं.

पोस्टमन अजूनही आमच्याच गल्लीत टपाल वाटतो. त्याने गावभर बोभाटा केला नाही. दुकानात येतो, टपाल माझ्या हातात देतो, मशीनकडे बघत नाही. जाऊबाई मात्र प्रत्येक वेळी उभ्या राहतात. मशीनच्या टेबलाची कड धरून, दात आवळून. मी म्हटलं, "कशाला उठता? तो बघतसुद्धा नाही."

मागच्या आठवड्यात थंडी वाढली. तो टपाल देऊन वळला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मुलीला कोट घेतलात का?"

तो दारात थांबला. "घेतला. बाजारात तयार मिळतो तो."

"बरं केलंत," जाऊबाई म्हणाल्या.

तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "अगं, मला जरा खाली बसव."