पाव्हण्यांचं बुक

सोलापुरात असा एकही कागद नसेल ज्यात आमच्या पाव्हण्यांनी चूक काढली नाही. लग्नपत्रिका, रेशनकार्ड, लाइटबिल, दुकानाची पाटी, देवळातली देणगीदारांची फरशी, कशालाही त्यांनी सोडलं नाही. पाव्हणे म्हणजे माझ्या धाकट्या जावेचे थोरले भाऊ. फौजेतून सुटून आले, बायको वारली, मुलगी बार्शीला दिलेली, आणि आमच्या समोरची खोली रिकामी होती म्हणून 'चार दिवस राहतो' म्हणत आले ते वीस वर्षं राहिले. नात्यानं पाव्हणे, म्हणून सगळी गल्ली त्यांना पाव्हणंच म्हणायची. मला ते अक्का म्हणत. एकदा माझं आधारकार्ड बघून म्हणाले, "अक्का, तुमी माज्यापेक्षा दोन वर्सांनी ल्हान हाय. पर अक्का म्हनायची सवय लागली, आता ऱ्हाऊ द्या." समोर दिसत असलेली चूक त्यांनी मुद्दाम राहू दिली, अशा दोनच गोष्टी मला माहीत आहेत. ही पहिली. दुसरी पुढे सांगते.

मी चौथी शिकलेली बाई. दारात बसून शाळेच्या गणवेशांना काज-बटण करते, अजूनही करते. फार वर्षांपूर्वी कारखान्याच्या माणसाला मी चुकून एक दिवस पुढची तारीख सांगितली आणि माल राहिला. पाव्हण्यांनी ते समोरून ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दूध घेऊन आले की आपल्या उंबऱ्यावर टाच जुळवून उभे राहायचे आणि साहेबाला हजेरी द्यावी तसं ओरडायचे, "अक्का, मंगळवार, सोळा!" मी म्हणाले, "मला काय करायचंय तारखेचं?" तर म्हणाले, "तुमाला नसंल करायचं. तारीख तर हाय की." ताप असला तरी अंथरुणातून ओरडत. माझ्या घरात वीस वर्षं कॅलेंडर नव्हतं.

गल्लीत लग्न निघालं की पत्रिका पहिल्यांदा ह्यांच्याकडे यायची, प्रेमानं नव्हे, भीतीनं. एकदा छापून झालेल्या पत्रिकेत वार आणि तारीख जुळत नाही हे त्यांनी मांडवात जाऊन सांगितलं. मुलाचा बाप हात जोडून म्हणाला, "पाव्हणं, जेवायला या, तपासायला नगं." ते जेवले, आणि जाताना दारावरच्या बोर्डावर खडूनं वार दुरुस्त करून गेले. एका म्हाताऱ्याच्या श्रद्धांजलीच्या फलकावर वय चुकलं होतं, तर बायका रडत असताना हे स्टुलावर चढून काळ्या पेनानं आकडा नीट करत होते. मी खालून स्टूल धरलं होतं. मला लाज वाटत होती, आणि स्टूलही हलत होतं.

फौजेत ते स्वयंपाकी होते. हे ते लपवत नसत, पण गल्ली त्यांना सोडत नसे. "पाव्हणं, दुश्मनावर काय सोडलं?" कोणीतरी विचारायचं. "डाळ," पाव्हणे म्हणायचे, "आन ती बी कच्ची." मग गोष्ट सुरू व्हायची. वर बर्फातल्या चौकीवरचा स्वयंपाकी आजारी पडला, साहेबानं तोंडी सांगितलं, तू जा, आणि हे खालच्या तळावरून वर गेले. कोणी म्हणालं, "म्हंजे तीन महिनं ऱ्हायला की," तर लगेच, "तीन महिनं न्हाय. अठ्ठ्याण्णव दिवस." तिथं पाणी उकळायला तास जायचा आणि डाळ शिजायची नाहीच. डाव्या पायाची दोन बोटं त्या अठ्ठ्याण्णव दिवसांत गेली. इथं सोलापुरात, उन्हाळ्यात पत्रा तापलेला असताना, ते स्टोव्हवर चहाचं भांडं ठेवायचे आणि उकळी आली की दरवेळी नवल वाटल्यासारखं मला हाक मारायचे, "अक्का, बगा, उकळलं की!" वीस वर्षं रोज. मी म्हणायचे, "उकळंल न्हाय तर काय करंल?"

अशा उंचीवर राहिलेल्या जवानांना एक पदक मिळतं. पाव्हण्यांना ते मिळालं नाही, कारण हुकूम तोंडी होता. कागदावर ते खाली तळावरच होते. फौजेतून सुटताना जे डिस्चार्ज बुक देतात त्यात माणसाची सगळी नोकरी लिहिलेली असते, कुठं होता, काय मिळालं. त्यांच्या बुकात तीन पदकं होती आणि हे चौथं नव्हतं. सगळ्या जगाच्या कागदांची दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा स्वतःचा कागद चुकलेला.

मी एकदा सरळच विचारलं, "दोन बोटं गेली ती गेली. त्या बिल्ल्याचं काय घेऊन बसलाय?"

ते म्हणाले, "अक्का, आमच्यातला कोन गेला की माजी सैनिक संगाचं अध्यक्ष येत्यात. बुक उघडून सगळ्यांम्होरं वाचत्यात. माजं चुकीचं वाचलं, तर तवा मी उठून दुरुस्ती करू शकनार हाय का?"

 असल्या वाचनांना ते कधी चुकत नसत, आणि कोपऱ्यात उभे राहून दोनदा तरी मध्ये बोललेले मला माहीत आहेत.

अकरा वर्षं त्यांनी अर्ज केले. प्रत्येक अर्जाची सुरुवात एकच, 'आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की'. लिहून झालं की मला वाचून दाखवायचे, मी बटण लावता लावता 'व्हय व्हय' म्हणायची. उत्तर यायचं, नोंद आढळत नाही. मग पाव्हणे त्या उत्तरातल्या चुका कळवायचे. शेवटी कोणीतरी सांगितलं, तुम्हाला वर बघितलेला माणूस आणा. असा एक जवान करमाळ्याकडच्या एका गावात होता. पाव्हण्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, एसटीची पाटी दिसायची नाही, म्हणून मी बरोबर गेले.  त्यानं ओळखलं नाही तर, असं पाव्हणे वाटेत एकदा म्हणाले.

तो माणूस ओट्यावर बसला होता. त्यानं ह्यांच्याकडे नीट बघितलं आणि पहिलं वाक्य असं बोलला, "आरं, तू तर राकेलचा चहा पाजनारा! अजून जित्ता हायस व्हय?"

"राकेल न्हाय," पाव्हणे म्हणाले. "राकेलचा वास."

"आरं, वास कसला! माजे दात पडले तुज्या रोट्यांनी!"

मग दोघं गळ्यात पडून रडले. मी पोरीबाळींसारखं बघत बसणारी नव्हे, मी त्याच्या सुनेला म्हणाले, चहा ठेव, आणि राकेल लांब ठेव. त्या माणसानं प्रतिज्ञापत्र करून दिलं. त्यात त्यानं तीन महिने असं लिहिलं होतं, पाव्हण्यांनी ते तिथंच खोडून घेतलं.

कागद वर गेला. ह्याच दिवसांत मुलीनं त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनला बार्शीला नेलं. जाताना बुक माझ्याकडे ठेवायला दिलं. "जपा," एवढंच म्हणाले. मी ते उघडून बघितलं. घडीवर पानं फाटलेली, कोपरे गेलेले, मधल्या पिना गंजलेल्या. मला वाटलं, ह्या माणसानं मला वीस वर्षं तारीख सांगितली, आपण एवढं तरी करावं. मी बुक घेऊन सात रस्ता चौकात गेले. लॅमिनेशनच्या दुकानात पिना काढायला लावल्या आणि म्हणाले, एक पान सोडू नको. पानं मशीनमधून पापडासारखी गरम बाहेर येत होती आणि मी ती एकेक पदराला पुसून थप्पी लावत होते. इतक्या अभिमानानं मी आयुष्यात थोडंच काही केलं असेल.

पाव्हणे काळा चष्मा लावून परत आले. मी पुडकं हातात दिलं. त्यांनी आधी बोटांनी चाचपलं. मग एक पान डोळ्याजवळ नेलं, उलटलं. "लई ब्येस केलं, अक्का," ते म्हणाले. "आता पान्यात पडलं तरी भिजायचं न्हाय." त्या संध्याकाळी त्यांनी चहा केला नाही. दुसऱ्या दिवशी तारीख जरा उशिरा आली. मला तेव्हा काही कळलं नाही. डोळा दुखत असेल, असं मी समजले.

दोन महिन्यांनी पत्र आलं. दावा मान्य. नोंद करून घेण्यासाठी मूळ बुक सादर करावे. पाव्हण्यांनी त्या पत्रातही गावाच्या नावातली चूक काढली. आम्ही दोघं सैनिक कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनानं एक पान हातात घेतलं, वाकवलं, ते ताठ झालं. त्यानं वाईट वाटून घेतलं, हे मी सांगते. माणूस चांगला होता. त्यानं शिक्का उचलून प्लास्टिकवर मारून दाखवला आणि अंगठा फिरवला. शाई सगळी पुसून निघाली.

"आजोबा, ह्याच्यावर नोंद कशी करू? मूळ कागदाचं लॅमिनेशन करायचं नसतं. कोणी केलं हे?"

मी तोंड उघडलं, तोवर पाव्हणे म्हणाले, "मीच."

दुसरं बुक काढायला अर्ज करा, असं त्यानं सांगितलं. अर्जात एक रकाना होता, मूळ बुक खराब होण्याचं कारण. पाव्हण्यांनी पेन काढलं आणि त्यांच्या त्या सरळ अक्षरात लिहिलं, 'माझ्या निष्काळजीपणामुळे'. मी शेजारी बसून अक्षर लावून वाचलं.

"पाव्हणं, खोटं कशापायी लिव्हताय? माजं नाव घाला."

"फौजेच्या कागदात तुमचं नाव कशाला, अक्का? तितं आडनाव चुकवत्याल. मग त्याची दुरुस्ती कोन करनार?"

मी हसले. हसून गप्प बसले. माझं नाव कुठं यायला नको, असंही मला वाटलं, हे खरं आहे. मी तोंडाची फाटकी म्हणून गल्लीत प्रसिद्ध आहे. त्या दिवशी मी त्या माणसाला, ज्यानं आयुष्यात चुकीचा एक आकडा कागदावर राहू दिला नाही, त्याला खोटं लिहू दिलं. दुसरी गोष्ट म्हणाले ती हीच.

पाच महिन्यांनी एके सकाळी तारीख आली नाही. मला वाटलं दुधाला उशीर झाला असेल. मी चार शर्टांची बटणं लावली. मग उठून बघितलं.

अध्यक्ष आले. त्यांनी प्लास्टिकची पानं एकामागून एक धरून सगळं वाचलं. उन्हात पानं चकाकत होती, त्यांना तिरकी धरावी लागत होती. तीन पदकं वाचली आणि पान खाली ठेवलं. मला बोलायचं होतं, एक राहिलं. पण मग ते विचारणार, बुकात का नाही. मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले. बायकांना वाटलं, मी रडते आहे.

तेराव्यानंतर पोस्टमननं नवं बुक माझ्याच हातात दिलं. दिवसभर दारात बसलेली मी, म्हणून पाव्हण्यांनी पत्ता माझ्या घराचा दिला होता. हिंदीत होतं, मी बोट ठेवून वाचलं. चार पदकं. चौथं नीट, तारखेसकट. मी ते अध्यक्षांकडे नेलं आणि संघाच्या बैठकीत वाचायला लावलं. त्यांनी तारखा बघून म्हटलं, म्हणजे साधारण तीन महिने होते वर. मी मागून म्हणाले, "अठ्ठ्याण्णव दिवस." सगळ्यांनी वळून बघितलं.

पण बुकाच्या शेवटच्या पानावर लाल शाईत आणखी एक ओळ आहे, मूळ बुक धारकाच्या निष्काळजीपणामुळे खराब. आता त्यांच्या बुकात चूक आहे ती एवढीच, आणि ती माझी आहे. मी अर्ज करते. पाव्हण्यांची सुरुवात मला पाठ आहे. पुढचं माझं, की पाव्हणे निष्काळजी नव्हते, बुक मी बिघडवलं, तशी नोंद करावी. कारकून म्हणतो, "आजी, गेलेल्या माणसाच्या बुकात आता कोण बदल करणार? आणि तुमचं नातं काय लिहू?" मी सांगितलं, जावेचा भाऊ. तो म्हणाला, हे नातं चालत नाही. मी म्हणाले, चालत नसेल तर नसू दे, तू अर्ज घे. त्यानं घेतला. असे तीन झाले. उत्तर नाही. पाव्हण्यांनी अकरा वर्षं केले.

नवं बुक मी लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून ठेवलं आहे. त्याला प्लास्टिक लावलेलं नाही. एक कोपरा दुमडलाय, दुमडू दे. चौथा अर्ज कालपासून लिहून तयार आहे, सही पण केली. फक्त वर तारीख घालायची राहिली आहे. पेन उचललं की मी समोरच्या दाराकडे बघते.