शिंपीकाकांची टेप आणि ह्यांचा गुडघा

आमच्या ओट्यावर बसून जालन्यातल्या पुरुषांनी जेवढा फुटबॉल खेळला, तेवढा मैदानावर कुणी खेळला नसेल. घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. पण ओटा ऐसपैस आणि समोरच मैदान. संध्याकाळी माझ्या दारात दहा-बारा जोडे ठरलेले. मी आत चुलीपुढे. दाराआडून सगळं ऐकू यायचं आणि माझं डोकं फिरायचं, कारण तिथं ज्या पायांची चर्चा चाले, ते माझ्या नवऱ्याचे होते.

पोलीस ॲक्शनच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारी, म्हणून मॅचही शुक्रवारी. हे जिनिंगमध्ये काट्यावर कापूस तोलायचे. तिथं आठवडाभर कुणीही 'ए काटेवाल्या' अशी हाक मारी. मैदानावर मात्र हे बॅक, म्हणजे गोलापुढची राखण करणारे होते, आणि तिथं चांगले पागोटेवाले लोकसुद्धा ह्यांना 'बॅकसाहेब' म्हणत. साहेब म्हणवून घ्यायची ह्यांना तेवढी एकच जागा होती. त्या हाकेसरशी ह्यांची मान कशी ताठ व्हायची, ते मी पाहिलेलं आहे.

टीम आधी रेल्वेचे मालबाबू सांभाळायचे. त्यांचा डाव एकच: बॉल आला की बॅकनं उंच हाणायचा, खाली येईपर्यंत पुढच्यांनी पळायचं. ह्यांना तो डाव सोसत होता, कारण ह्यांना जागचं हलावं लागत नसे. मग मालबाबूंची बदली झाली आणि टीम शाळेच्या ड्रिलमास्तरांकडे गेली. मास्तर हैदराबादकडचे, बोलायला मऊ, शिस्तीला कडक. बॉल जमिनीवरून जवळच्याला द्यायचा, बॅकनंही पळायचं, आणि खेळाआधी सगळ्यांनी मैदानाला चार फेऱ्या मारायच्या, हा त्यांचा नियम.

दुसऱ्या फेरीला हे खाली बसले. पायात काटा मोडला म्हणाले. मास्तरांनी ह्यांच्या जागी कोष्ट्याचा एक तरणा मुलगा उभा केला. पुढच्या शुक्रवारी औरंगाबादच्या छावणीची टीम येणार होती, आणि त्या मॅचला ह्यांना खेळायचंच होतं.

काटाबिटा काही नव्हता. पावसाळ्यापासून ह्यांचा उजवा गुडघा धरला होता. रोज कामावर जायच्या आधी मी आंबेहळदीचा लेप लावायचे आणि वरून माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधायचे. पायजम्याखाली ते कुणाला दिसत नसे. "कुणाला बोललीस तर बघ," असं ह्यांनी बजावलं होतं.

त्या फेरीनंतर ओट्यावर दोन तट पडले. एकीकडे शिंपीकाका, तरुणपणी कुस्ती खेळलेले. दुसरीकडे चौकातले पानवाले चाचा.

"बॅक काय घोडा हाय का पळायला?" शिंपीकाका कडाडले. "बॅक म्हंजी भिंत. भिंत कधी पळती का?"

"काका, अब जमाना बदला," चाचा म्हणाले. "दीवार के बाजू से निकल जाते लोगां. मास्टर बिलकुल बराबर है."

"बराबर न्हाई! गडी खंगलाय, एवढंच. खुराक कमी पडून राह्यलाय."

शिंपीकाकांना सगळ्या आजारांवर एकच औषध माहीत होतं. मल्लाला देतात तसा खुराक द्यायचा ठरला. शुक्रवारपर्यंत रोज एकेकाच्या घरून बदाम घोटलेलं दूध यायचं, आणि काकांनी आपल्या टेपनं रोज ह्यांच्या मांडीचं माप घ्यायचं. कुस्तीच्या तालमीत फुटबॉल शिकलेली माणसं ती! चाचा मास्तरांच्या बाजूचे, पण दूध त्यांच्याही घरून आलं, वर जाड साय धरलेलं. हे नको म्हणू शकत नव्हते. लोकांनी आपल्या पोरांच्या तोंडचं दूध आणलेलं होतं. हे तांब्या तोंडाला लावायचे आणि मला चुलीपाशी गलबलून यायचं. इतकं प्रेम, आणि सगळं चुकीच्या जागी.

मंगळवारी काका टेप घेऊन वाकले. मी दाराच्या फटीतून पाहत होते. मांडीचं माप झालं, मग टेप खाली सरकली, आणि काका ओरडलेच.

"मांडी व्हती तेवढीच हाय, पर गुडघ्यापाशी बघा! दोन बोटं भरून आलाय पाय! मी काय म्हणत व्हतो? लागला का न्हाई खुराक?"

ओटा खूश झाला. कुणी तरी उद्यापासून दोन तांबे आणायची भाषा केली. चाचांनीसुद्धा मान डोलावली. सूज, लेप आणि माझ्या लुगड्याच्या पट्टीचे चार वेढे, एवढ्याचं माप घेऊन ही माणसं आनंदली होती. हे हसत होते. पण ह्यांनी ओट्याचा खांब घट्ट धरला होता, आणि त्या पायावर भार नव्हता.

परक्या पुरुषांशी मी तोवर कधी बोलले नव्हते. तेव्हा मात्र दाराआडूनच माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, ती सूज हाय. पावसाळ्यापासून हाय. दूध नका आणू, त्यांना बसू द्या."

काकांनी टेप गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. मग एकेक जण जोडे घालून गेला.

हे आत आले. "झालं समाधान?" एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यानंतर ह्यांनी माझ्याशी अबोला धरला. पट्टीही स्वतःच बांधू लागले, आणि ती दुपारपर्यंत घोट्याशी यायची. मी खरं तेच बोलले होते, पण त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही. ह्यांचं साहेबपण मी चारचौघांत काढून घेतलं, असंच मनात येत राहिलं.

गुरुवारी संध्याकाळी मास्तर आले. पायरीखालीच उभे राहिले.

"मियाँ, मैं पहले दिन सेच देखा घुटना," ते म्हणाले. "तुम बोलते तो मैं दवाखाने को भेजता. छावनीवालों के पैंतरे हमारे में सिरफ तुमकोच मालूम. कल लकीर के पास बैठो. छोकरे को बोलते रहो."



शुक्रवारी हे गेले. काकांच्या दुकानातलं स्टूल रेषेजवळ ठेवलं होतं, त्यावर बसले. मग छावणीचा एक गडी कोष्ट्याच्या मुलाच्या बगलेतून निघायला लागला, तसा ह्यांचा आवाज मला ओट्यावर ऐकू आला, "मागं सर! मागं!" तिथून पुढे तो आवाज थांबलाच नाही. एकदा बॉल बाहेर येऊन थेट ह्यांच्या पायाशी थांबला. हे उठले. उजवा पाय मागे गेला. मग तो पाय हळूच खाली आला. ह्यांनी वाकून बॉल हातात उचलला आणि त्या मुलाला दिला. मी पदरात तोंड खुपसून रडले.

मॅच बरोबरीत सुटली. सगळे परत ओट्यावर आले, शिंपीकाका सगळ्यात मागे. हे पायरीवर बसले, पायजमा गुडघ्यावर ओढला आणि सगळ्यांसमोर आत हाक मारली, "अगं, पट्टी आण. मला नीट बांधता येत न्हाई."

डोक्यावर पदर घेऊन मी बाहेर आले. एवढ्या माणसांत खाली बसले आणि त्या गुडघ्याला हात लावला. काका पुढे झाले.

"सूनबाई, मी टोक धरतो," ते म्हणाले. "तू ताण."

मी पट्टी ताणली, आणि हे तीन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसले.