तपासणीच्या दिवशी बाई घरी असायच्या

माझ्या शाळेतल्या बाईंच्या फाईलवर मॅनेजर सरांनी लाल पेनानं लिहिलं होतं, 'अनुभव खोटा'. फाईल स्कॅन करायला माझ्याकडंच आली. भीती होतीच, पण राग जास्त होता.

मी नायगावकडची. आठवीनंतर शाळा सुटली. लातूरला आले ती मुलींच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला. तिथून या ऑफिसात लागले. चहा, झाडलोट आणि कागद स्कॅन करणं हे माझं काम. गावाकडं जायचं म्हणजे नांदेडला गाडी बदलून अख्खा दिवस जातो, म्हणून नोकरीला मी फार जपते. आमचं ऑफिस पुण्या-हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपन्यांना माणसं शोधून देतं. कोण खरं काम केलेला आहे आणि कोण विकतचं सर्टिफिकेट घेऊन आलाय, हे हुडकण्यातच अर्धा दिवस जातो. खोटा अनुभव दाखवणाऱ्याचं नाव एकदा काळ्या यादीत गेलं, की पुन्हा त्याला कुणी दारात उभं करत नाही.

अशा ऑफिसात एका सोमवारी माझ्या आठवीच्या वर्गशिक्षिका मुलाखतीला आल्या. पंधरा वर्षं विनाअनुदानित शाळेत शिकवलं, आज ना उद्या अनुदान येईल म्हणून. अनुदान आलं, आणि बाईंच्या जागेवर संस्थाचालकांच्या सुनेचं नाव निघालं. चहा पिता पिता बाईंनी एवढंच सांगितलं.

या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. शाळा सुटल्यावर वर्षभर दर रविवारी आमच्या ओसरीवर येऊन त्यांनी मला इंग्रजी वाचायला शिकवलं. म्हणून फाईलींवरची नावं वाचता येतात, नाहीतर मी अजून तव्यापुढंच असते.

बाईंना महिनाभर फोनवर उमेदवार पारखायच्या कामावर ठेवून बघितलं. औशाची एक मुलगी फोनवर पाच वर्षांचा अनुभव धडाधडा सांगत होती. बाई म्हणाल्या, "बाळा, घोकलेलं मला कळतं. येतं तेवढंच सांग." मुलगी मग खरं बोलली, आणि त्या खऱ्यावरच तिला काम मिळालं. मॅनेजर सर खूश. कायम करायचं ठरलं. तेव्हा मुख्य ऑफिसातून शाळेत चौकशीचा फोन गेला. शाळेनं सांगितलं, या नावाच्या बाई आमच्या मस्टरवर कधी नव्हत्याच.

नव्हत्याच! मला सगळं आठवतंय. तपासणी असली की आदल्या दिवशी मुख्याध्यापक बाईंना सांगायचे, "उद्या घरीच राहा." मग सूनबाई भारी साडी नेसून आमच्या वर्गात खुर्चीवर येऊन बसायच्या. आम्हाला पढवलेलं असायचं. एकदा तपासणीच्या साहेबांनी मला उठवून विचारलं, "वर्गशिक्षिका कोण गं तुमच्या?" मी सूनबाईंकडं बोट दाखवलं. नाव घेऊन, मोठ्यानं. साहेब "शाब्बास" म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि मागच्या पानावरून पुढं शिकवू लागल्या.

पण सूनबाईंना सह्यांचा कंटाळा. माझ्या प्रगतीपुस्तकावर दोन्ही सत्रांना बाईंची सही आहे. दुपारी चहाच्या ओट्यापाशी मी बाईंना गाठलं.

"बाई, माझं प्रगतीपुस्तक हाय पेटीत. तुमची सही हाय त्याच्यावर. दाखवते सरांना."

"इथं शिक्षण किती सांगितलंयस तू?"

"दहावी पास."

"मग राहू दे पेटीतच. आठवीनंतर शाळा सोडल्याचा शेरा आहे त्यावर. माझं मी बघते."

"काय बघताव बाई? नाव यादीत गेल्यावर काय बघताव?"

बाईंनी कप विसळून उपडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी प्रगतीपुस्तक सरांच्या टेबलावर ठेवलं. "ही सही बघा, सर. शिकवलंय बाईंनी मला. आणि आठवीपुढं शाळा न्हाई माझी. दहावी खोटं सांगितलं मी."

सरांनी पानं उलटली. "गणितात बत्तीस? ताई, चहात साखर तरी मोजून टाकता ना?"

ऑफिसात फोनवर काम करणाऱ्या पोरी खदखदून हसल्या. मला रडू आलं नाही. टेबल उलथून टाकावंसं वाटलं.

मग मात्र सर मुख्य ऑफिसशी बराच वेळ फोनवर बोलले. लाल शेरा खोडला गेला. बाईंचं नाव यादीत गेलं नाही. पण शाळेच्या लेटरहेडवर पत्र नाही, म्हणून अनुभव धरता येणार नाही. नवा फॉर्म आला. त्यावर छापून आलं होतं, अनुभव: शून्य.

"सही करू नका, बाई," मी म्हणाले. "भांडा. मी बोलते साक्षीला."

बाईंनी पेन उघडलं. "पंधरा वर्षं गेली ती गेली, गं. पुढची तरी माझ्या नावावर लागू दे."

आणि सही केली. त्या दिवशी मला शाळेपेक्षा बाईंचाच राग जास्त आला. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

माझ्या कागदावर सरांनी दहावी खोडून आठवी लिहिलं आणि मला ठेवून घेतलं. देवाची कृपा म्हणायची, सरांचीही. पण तिकडं शाळेत ती पंधरा वर्षं सूनबाईंच्या सेवापुस्तकात कशी नीट मांडलेली असतील! बढतीला धरतील, पेन्शनला धरतील. शिकवलं बाईंनी, आणि नाव सांगितलं आम्ही पोरांनी. मी सांगितलं.

ऑफिसातल्या पोरी आता बाईंना 'फ्रेशर मॅडम' म्हणून चिडवतात. बाई हसतात. मला अजून हसू येत नाही.