फुगलेली बॅटरी आणि न केलेली सही

लॅपटॉपचा टचपॅड वर आला तेव्हा आधी मला वाटलं, खाली काहीतरी अडकलंय. क्लिक होत नव्हतं. मग लॅपटॉप टेबलावर सपाट बसेना, हात टेकला की डुगडुगायचा. मी वडिलांना हाक मारली. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी चष्मा चढवून एका बाजूनं पाहिलं, प्लग काढला, मला तो बंद करायला लावला आणि दोन्ही हातांनी अलगद उचलून गॅलरीतल्या मोकळ्या फरशीवर नेऊन ठेवला.

"बॅटरी फुगलीय," ते म्हणाले. "दाबू नको. आता चार्जिंगला लावायचा न्हाई."

अण्णांचं आयुष्य बॅटऱ्यांत गेलं. चिंचवडच्या एका कारखान्यात ते माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्यांच्या बॅटऱ्या सांभाळायचे, पाणी भरायचे, चार्जिंगच्या वेळा लिहायचे. त्यांच्या शिफ्टला कधी गाडी मधेच बंद पडली नाही, हे ते अजून सांगतात.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीचं काम बघते. आठवड्यातले तीन दिवस काळेवाडीतल्या घरूनच काम असतं. लॅपटॉप कंपनीचा. तो हातात दिला तेव्हा सोबत सूचनांचा एक कागद होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की अपडेट अर्धवट राहू नयेत म्हणून चार्जर कायम लावून ठेवावा. घरी अण्णांचंही तेच म्हणणं. लाइट कधी जाईल नेम नाही, बॅटरी भरलेली पाहिजे. त्यामुळे दोन वर्षं तो लॅपटॉप प्लगवरून क्वचितच निघाला.

मी आयटी विभागाला फोन केला. तिथल्या प्रमुखांनी सांगितलं, उद्या येताना बॅगेत घालून घेऊन या. म्हणजे कंपनीच्या बसमधून, चाळीस माणसांच्या मधे, मांडीवर फुगलेली बॅटरी घेऊन. मी नाही म्हटलं. फोटो पाठवले. तरी लॅपटॉप न्यायला कंपनीचा माणूस यायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस आम्ही गॅलरीचं दार लावून घेतलं होतं. माझ्या रागाची सुरुवात तिथून झाली.

नंतर ऑफिसात गेले तर माझ्यापुढे एक फॉर्म आला. 'वापरकर्त्याच्या निष्काळजीपणामुळे बॅटरी निकामी. कारण: सतत चार्जिंग.' खाली माझ्या सहीची जागा. मी सूचनांचा कागद दाखवला. प्रमुख म्हणाले, ती सूचना अपडेटसाठी होती, बॅटरीचा विषय वेगळा. माझे मॅनेजर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, फॉर्मॅलिटी आहे, करून टाका. पुरवठादाराचा एखादा पार्ट मी नाकारते तेव्हा कारण नीट शोधल्याशिवाय हेच मॅनेजर माझा रिपोर्ट पुढे जाऊ देत नाहीत. मी म्हटलं, वाचून सांगते, आणि फॉर्म घेऊन निघाले.

संध्याकाळी घरी बसून वाचलं. या लिथियमच्या बॅटऱ्यांना कायम शंभर टक्के भरून ठेवलेलं सोसत नाही. त्यात लॅपटॉप दिवसभर गरम राहिला तर त्या आणखी लवकर म्हाताऱ्या होतात. दिवसभर प्लगवर काम करणाऱ्यांसाठी बऱ्याच लॅपटॉपमध्ये एक सेटिंग असते. ती चालू केली की चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबतं, प्लग लावलेला असला तरी. मला तात्पुरता दिलेला लॅपटॉप त्याच मॉडेलचा होता. मी सेटिंग शोधली. सापडली. पण राखाडी रंगाची, दाबता न येणारी. शेजारी लिहिलेलं: ही सेटिंग तुमची संस्था नियंत्रित करते.

मी अण्णांना फॉर्म दाखवला आणि स्क्रीनही. त्या तिरिमिरीत हेही बोलून गेले की तुमच्या फोर्कलिफ्टचा नियम इथे उलटा आहे. शिशाची बॅटरी अर्धवट ठेवली की खराब होते, ही भरलेली ठेवली की. अण्णा चहा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी बस मोशीच्या पुढे गेल्यावर डब्याच्या पिशवीत मला एक कागद सापडला. अण्णांचं अक्षर. कंपनीच्या साहेबांना उद्देशून लिहिलं होतं की मुलीची चूक नाही, बॅटरी भरलेली ठेवायला मीच सांगत होतो, तरी तिला माफी असावी.

मी तो कागद दोनदा वाचला आणि माझे कान तापले. आयुष्यभर ज्यांच्या बॅटरीबद्दल कुणी तक्रार केली नाही, त्या माणसाला या लोकांनी माफी मागायला लावली होती. कागद मी पर्समध्ये खोल सरकवला. तो कुणालाही दाखवणार नव्हते.

ऑफिसात सरळ आयटीच्या केबिनमध्ये गेले. मॅनेजरांनाही बोलावलं. लॅपटॉप उघडून प्रमुखांपुढे ठेवला आणि म्हटलं, ही सेटिंग चालू करून दाखवा.

"मॅडम, ती आमच्याकडूनच बंद असते. सगळ्यांना सारखीच."

"मग निष्काळजी कोण?"

ते मॅनेजरांकडे बघायला लागले. मॅनेजर मला म्हणाले, जरा टोन सांभाळा. मी टोन सांभाळला नाही. सहीच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'चार्जर काढू नये ही कंपनीची लेखी सूचना होती. सेटिंग कंपनीने बंद ठेवली होती. सही करणार नाही.' फॉर्म टेबलावर ठेवला आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.

त्या संध्याकाळी मी अण्णांनाही सोडलं नाही. मला न विचारता लिहिलंच कसं, म्हणून आवाज चढवला. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "तुला तरास नको म्हणून लिवलं, पोरी." मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. मी आणखी दोन वाक्यं बोलले. ती मला अजून टोचतात.

पंधरा दिवसांनी सगळ्यांना एक मेल आला. बॅटरीच्या आरोग्यासाठी चार्जिंगची मर्यादा सर्व लॅपटॉपवर ऐंशी टक्के केली आहे. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये. हवा खेळती राहू द्यावी. शेवटी सहकार्याबद्दल आभार. चूक कुणाची होती, यावर एक अक्षर नाही.

आयटीच्या नोंदवहीत मात्र माझ्या नावापुढे 'वापरकर्त्याचा निष्काळजीपणा' तसंच आहे. ते खोडा म्हणून मी तीन मेल केले. तिसऱ्याला उत्तर आलं, नोंद घेतली आहे. मी चौथा पाठवला आहे, आणि या वेळी मॅनेजरांच्या वरच्या साहेबांनाही त्यात घेतलंय.